सोयाबीनच्या गाठी आणि युरियाचं पोतं

नत्रचक्राची आकृती महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलानं कधी ना कधी वहीत काढलेली असते. वर ढग, ढगात वीज, खाली एक गाय, गाईशेजारी एक झाड आणि झाडाच्या मुळांवर पाच-सहा टिंबं. त्या टिंबांना बाण काढायचा आणि लिहायचं, "द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठी". झाले गुण! मी मराठी आणि इतिहास शिकवायचे, पण विज्ञानाच्या बाई रजेवर असल्या की त्यांचा तास माझ्याकडे यायचा आणि ही आकृती मी फळ्यावर कितीतरी वेळा काढलेली आहे. त्या वर्गांतली बरीच मुलं पुढं शेतीच करायला लागली. आज त्यांच्या रानात सोयाबीन आहे, सोयाबीनच्या मुळांवर त्याच गाठी आहेत, आणि जुलै महिना आला, पानं जरा पिवळी दिसायला लागली, की हीच मुलं युरियाचं पोतं घेऊन रानात निघतात.

तर मंडळी, आजचा विषय हा. माझ्या ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींना वाटेल, बाई आज कुठं खतांच्या गोष्टी घेऊन बसल्या. पण माझे निम्मे वाचक नातेवाईक आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच घरांत पोरांची फी आणि लग्नाचा बस्ता सोयाबीनवरच ठरतो. लातूर-औशाकडची माणसं आम्ही. तेव्हा शहरातल्या मंडळींनी थोडं सोसून घ्यावं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पेरताना सोयाबीनला थोडं नत्र द्यायला माझी हरकत नाही. पण पीक महिन्याचं झाल्यावर वरून युरिया फेकायचा असेल, तर आधी चार-पाच झाडं खणून काढा आणि मुळं बघा. पानाचा रंग बघून पोतं फोडू नका. एवढंच. पण हे "एवढंच" कुणाला पटत नाही, म्हणून हिशेब मांडावा लागतो.

सोयाबीनच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं असतात. प्रथिन म्हटलं की त्यात नत्र आलंच, साधारण १६ टक्के. ओलावा वगैरे वजा केला तर एक क्विंटल सोयाबीनमध्ये सहा किलोच्या आसपास नत्र असतं. पाला, काड्या यांच्यातलं धरलं तर एक क्विंटल दाणा तयार करायला झाडाला जमिनीवरच्या भागातच आठ किलो नत्र लागतं. आता समजा, पाऊसपाणी बरं झालं आणि एकरी आठ क्विंटल पिकलं. म्हणजे चौसष्ट किलो नत्र. युरियाचं पोतं २०१८ पासून ४५ किलोचं आहे आणि त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे पोत्यामागे जेमतेम एकवीस किलो. चौसष्ट किलो म्हणजे युरियाची तीन पोती!

एकरी तीन पोती युरिया सोयाबीनला कोण देतं? कुणीच नाही. मग पीक येतं कुठून?

निम्मं, कधी निम्म्याहून जास्त, हवेतून येतं. २००८ साली जगभरातल्या सोयाबीनच्या शेकडो प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात असं दिसलं की सरासरीनं झाडाच्या एकूण नत्रापैकी ५० ते ६० टक्के नत्र हे मुळांवरच्या गाठी हवेतून मिळवून देतात. उरलेलं जमिनीतून आणि खतातून. आणि त्याच आढाव्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. खतातून नत्र जितकं वाढवत न्यावं तितका गाठींचा वाटा घसरत जातो. म्हणजे एक पोतं युरिया टाकला तर पिकाला एक पोतं जादा मिळालं असं होत नाही. काही भाग गाठी देणारच होत्या तो त्या देत नाहीत, एवढाच फरक. जे फुकट येत होतं त्याच्या जागी आपण विकत आणलेलं ठेवतो.

असं का होतं हे समजून घ्यायला मला कुठल्या मोठ्या पुस्तकाची गरज पडली नाही, घरातल्या व्यवहारासारखंच ते आहे. रायझोबियम हे जिवाणू (सोयाबीनचे म्हणजे नेमके ब्रॅडीरायझोबियम) फुकट राबत नाहीत. झाड त्यांना साखर देतं, राहायला गाठ बांधून देतं, आणि बदल्यात ते हवेतलं नत्र फोडून झाडाला देतात. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ते सुटे करायला फार ताकद लागते. जर्मनीत फ्रिट्झ हाबरनं १९०९ साली प्रयोगशाळेत ते करून दाखवलं, १९१३ मध्ये त्याचा कारखाना निघाला, आणि आजही आपल्या अलिबागजवळच्या थळला युरिया बनतो तो त्याच मार्गानं. प्रचंड दाब आणि चार-पाचशे अंशांची उष्णता. तेच काम हे जिवाणू आपल्या काळ्या रानात, पावसाळ्याच्या गारव्यात करतात! पण त्याचा खर्च झाडाला साखरेत द्यावा लागतो. मग झाडाच्या मुळाशी तयार नत्र येऊन पडलं, तर झाड साखर कशाला खर्च करेल? ते गाठी कमी बांधतं. बांधलेल्या गाठींना खायला कमी देतं. झाडाचं काही चुकत नाही. घरी दोन वेळचा डबा आयता यायला लागला की चूल थंड पडते, त्यातलाच प्रकार.

आता कुणी म्हणेल, मग पेरताना तरी नत्र कशाला? त्यालाही कारण आहे. बी उगवल्यावर पहिले आठ-दहा दिवस रोपटं आपल्या दोन दलांतलं साठवलेलं खातं. गाठी दिसायला दोन-तीन आठवडे लागतात आणि त्या खऱ्या अर्थानं कामाला लागायला महिना होतो. मधला काळ रोपट्याला उपाशी जाऊ शकतो, विशेषतः हलक्या, मुरमाड रानात, जिथं वर्षानुवर्षं शेणखत पडलेलं नाही. म्हणून विद्यापीठांच्या आणि सोयाबीन संशोधन संस्थेच्या शिफारशी हेक्टरी २५ ते ३० किलो नत्राच्या आसपास असतात, तेही पेरणीबरोबरच. एकराचा हिशेब केला तर दहा-बारा किलो.

इथं गंमत बघा. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र असतं. २०-२०-०-१३ च्या पोत्यात १० किलो. म्हणजे एकरी एक पोतं डीएपी पेरलं की नत्राचं काम जवळजवळ तिथंच संपलं. स्फुरदही २३ किलो आलं. आमच्याकडं मात्र पेरणीला डीएपीचं पोतं, पंचवीस दिवसांनी युरियाचं एक पोतं, आणि शेजाऱ्यानं टाकलं म्हणून फुलाच्या आधी अर्धं आणखी. का? तर युरिया स्वस्त! २०२५ साली युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना होतं आणि डीएपीचं १३५० ला. पाच पट फरक. युरिया टाकला की चौथ्या दिवशी रान हिरवंगार दिसतं, बघणारा म्हणतो "काय जोरात आहे तुमचं सोयाबीन", आणि माणूस खुश होतो. २६६ रुपयांत एवढं समाधान दुसऱ्या कशात मिळतं!

पण हिरवेपणा विकला जात नाही. बाजारात दाणा विकला जातो. जादा नत्रानं सोयाबीन माजतं, आमच्याकडं हाच शब्द आहे. कंबरेएवढं वाढतं, दाटी होते, खाली उजेड पोचत नाही, खालच्या फांद्यांची फुलं गळतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या वाऱ्यापावसात आडवं पडतं. लुसलुशीत पाल्यावर किडीही जास्त येतात, मग फवारणीचा खर्च. अर्थात सोयाबीन माजायला फक्त युरियाच कारण असतो असं नाही. दाट पेरणी, वाणाची जात, भरपूर पाऊस, तेही असतं. पण त्यात युरियाची भर आपण आपल्या हातानं घालतो. आणि काळ्या, चुनखडीच्या, ओल्या रानावर नुसता भुरकावलेला युरिया सगळा पिकाला मिळतो असंही नाही, त्यातला काही अमोनिया होऊन उडून जातो. मातीआड केला तर कमी उडतो, पण उभ्या पिकात मातीआड करत कोण बसतं?

आता पिवळेपणाचं. माझ्या मते सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिथं आहे. माझा पुतण्या फोनवर सांगतो, "आत्या, सोयाबीन पिवळं पडलंय, युरिया टाकावा लागतोय." मी विचारते, "अरे पण कुठली पानं पिवळी पडलीत? वरची का खालची?" तिकडे शांतता. मग म्हणतो, "तुम्ही म्हणजे आत्या परीक्षाच घेता."

घेतेच! कारण पिवळं पडायची कारणं चार आणि औषधं चार. नत्र कमी पडलं तर आधी खालची, जुनी पानं पिवळी होतात, कारण झाड तिथलं नत्र काढून शेंड्याला देतं. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर ते लोह कमी पडलेलं असतं. आमच्या चुनखडीच्या रानात हे फार. लोह जमिनीत असतं, पण झाडाला घेता येत नाही. तिथं युरिया टाकून उपयोग नाही, उलट जमिनीत नायट्रेट वाढलं की लोहाचा त्रास वाढल्याचं अभ्यासात दिसलेलं आहे. त्याला हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, नाहीतर चिलेटेड लोह फवारतात. तिसरं, रान चिबडलेलं असेल, आठ-आठ दिवस पाणी साठून राहिलं असेल, तर मुळांना आणि गाठींनाही हवा मिळत नाही. नत्र फोडायला जिवाणूंना श्वास घ्यावा लागतो. अशा वेळी पहिलं काम कुदळ घेऊन चर काढायचं. वापसा आला की पुष्कळदा पीक आपोआप हिरवं होतं, आणि मधल्या काळात कुणी युरिया टाकला असेल तर श्रेय त्या युरियाला जातं. चौथं म्हणजे पिवळा मोझॅक. हिरवे-पिवळे चट्टे, आधी इथं एक झाड, तिथं एक झाड. तो पांढऱ्या माशीनं पसरणारा विषाणू. २०२३ साली मराठवाड्यात आणि विदर्भात त्यानं किती रानं गेली ते आपण बघितलंच. विषाणूला युरियाचं काय?

म्हणून मी म्हणते, मुळं बघा. पेरणीनंतर तीस-पस्तीस दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुमारास, रानाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून चार-पाच झाडं काढा. उपटू नका, काळ्या मातीत उपटलं की गाठी मातीतच राहतात आणि माणूस म्हणतो, "बघा, गाठीच नाहीत." खुरप्यानं किंवा कुदळीनं ढेकळासकट काढायचं, बादलीत भिजवायचं आणि हलक्या हातानं धुवायचं. मग एकेक गाठ नखानं फोडायची. आतून लालसर-गुलाबी निघाली तर ती काम करते आहे. तो लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा असतो! पांढरी असेल तर अजून कच्ची किंवा निकामी, हिरवट-तपकिरी असेल तर तिचं आयुष्य संपलं. झाडामागे आठ-दहा लालसर गाठी असतील तर वरून युरियाचं नाव काढू नये. (एक सावधगिरी. सूत्रकृमीच्याही गाठी मुळांवर येतात. त्या म्हणजे मुळाचाच सुजलेला भाग असतो, सहज सुटत नाहीत. रायझोबियमची गाठ बोटानं टचकन निघते.)

आणि गाठी नसल्याच तर? फुलोरा आला, मुळं स्वच्छ, खालची पानं फिकट. तर मग द्या युरिया, मी स्वतः सांगेन. त्या पिकाला दुसरा आधारच नाही. शेंगा भरताना दोन टक्क्यांची युरियाची फवारणी करतात, तीही वेगळी गोष्ट, कारण दोनशे लिटर पाण्याला चार किलो युरिया म्हणजे नत्र दोन किलोसुद्धा नाही. माझं भांडण युरियाशी नाही, न बघता फेकण्याशी आहे.

आता दुसरी बाजू. आमच्या नात्यात पुण्याला राहणारे एक भाचेजावई आहेत, माणूस अतिशय सज्जन. त्यांनी दोन वर्षांपूर्वी मोबाईलवर कुणाचं तरी भाषण ऐकलं आणि तेव्हापासून त्यांचं म्हणणं असं की सोयाबीनला काहीच द्यायची गरज नाही, हवेत नत्र आहे, जमिनीत सगळं आहे, खत म्हणजे कंपन्यांचं कारस्थान. पुतण्या आणि ते एका पंगतीला बसले की मी वाढायचं सोडून मधे उभी राहते.

त्यांना मी विचारलं, हवेत स्फुरद आहे का? गंधक, लोह, मॉलिब्डेनम? गाठीतल्या जिवाणूंना नत्र फोडायला ताकद लागते ती स्फुरदाच्या जोरावर. जे विकर हे काम करतं त्यात लोह आणि मॉलिब्डेनम असतं. तेलबियांना गंधक लागतंच. गाठी चालू राहाव्यात असं वाटत असेल तर पैसा नत्रावर कमी आणि स्फुरद-गंधकावर जास्त घालायला हवा, माझं तर असं स्पष्ट मत आहे. एकरी तीन पोती सिंगल सुपर फॉस्फेट आणि पेरतानाच अर्धं पोतं युरिया, यात नत्र दहा किलो येतं, स्फुरद चोवीस आणि गंधक सोळा किलोच्या आसपास. डीएपी मिळत नाही म्हणून रांगेत उभं राहायचं, त्याबरोबर दुकानदार गळ्यात मारेल ती बाटली घ्यायची, यापेक्षा हे बरं. तीन पोती वाहायला जड पडतात हे मान्य. पालाश मात्र वेगळं द्यावं लागतं, माती तपासून.

भाचेजावयांचं आणखी एक वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकते. "सोयाबीन जमिनीला नत्र देऊन जातं." हे वाक्य तपासून घ्यायला हवं. मघाचाच हिशेब पुढं नेऊ. चौसष्ट किलोपैकी पंचावन्न टक्के हवेतून म्हणजे पस्तीस किलो. खतातून नऊ-दहा. झाले पंचेचाळीस. आणि आठ क्विंटल दाण्याबरोबर बाजारात किती गेलं? अठ्ठेचाळीस. म्हणजे देणं-घेणं जेमतेम बरोबरीत, उलट दोन-तीन किलो जमिनीच्याच गाठीचे गेले. मुळांतलं धरलं तर थोडं जमिनीच्या बाजूला झुकेल. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा कळते. आता युरियानं गाठींचा वाटा पंचावन्नवरून तीस टक्क्यांवर आणला असं समजा. हवेतून आले एकोणीस किलो. पोत्यातलं उडालं-वाहिलं ते वजा जाता काय ते पिकाला. म्हणजे पोतंभर खत विकत घेऊन जमीन होती तिथंच, किंवा मागे.

आपल्याकडं "बेवड" हा फार सुंदर शब्द आहे. मुगाचा बेवड, हरभऱ्याचा बेवड. त्या रानात पुढचं पीक जोमानं येतं, हे आमच्या आजोबांना ठाऊक होतं. गाठींत जिवाणू असतात हे युरोपात १८८०च्या दशकात सिद्ध झालं, हेलरीगेल आणि विलफार्थ या दोघांनी ते दाखवलं आणि १८८८ साली हॉलंडच्या बायेरिंकनं तो जिवाणू वेगळा काढला. पण बेवड त्याच्या कितीतरी आधीचा. मात्र त्या वेळी मुगाच्या शेंगा तोडल्या की वेल रानात नाहीतर गोठ्यात जायचे, आणि गोठ्यातलं शेण उन्हाळ्यात परत रानात यायचं. सोयाबीनला आपण तो बेवडाचा मान आयता दिला. १९९० नंतर ते आमच्या भागात पसरत गेलं आणि खरिपाची ज्वारी, मूग, उडीद, अंबाडी, तीळ सगळं मागं पडलं. सोयाबीनचा पाला गळून रानात पडतो, ते चांगलंच. पण दाणा सगळा मिलमध्ये, भुसकट एक तर पेटवलेलं नाहीतर कुणाला तरी दिलेलं, आणि शेणखत कुठून येणार, दावणीला जनावरच नाही. अशा रानाला बेवड कुठला लागणार? निदान भुसकट तरी पेटवू नका. पसरून कुजू द्या, किंवा ज्याला द्याल त्याच्याकडून बदल्यात शेणखत घ्या. माझ्या माहेरी थोरल्या वहिनी हा सौदा अजून करतात.

जिवाणूंवर एखाद्या देशानं सगळी भिस्त ठेवली तर काय होतं याचं उदाहरण ब्राझीलचं. योहाना डोबेराइनर नावाच्या बाई, जन्म १९२४ चा चेकोस्लोव्हाकियातला, पुढं ब्राझीलला गेल्या. १९६०च्या दशकात तिथं सोयाबीन वाढवायचं ठरत होतं तेव्हा त्यांनी आग्रह धरला की वाण निवडायचे तेच नत्र-खत न देता, जिवाणूंच्या भरवशावर. आज ब्राझीलचं बहुतेक सगळं सोयाबीन नत्र-खताशिवाय पिकतं. त्यांच्याच वाटेनं पुढं गेलेल्या मारिआंजेला हुंग्रिया यांना २०२५ चं वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. (हेच पारितोषिक १९८७ साली पहिल्यांदा दिलं गेलं ते आपल्या डॉ. स्वामिनाथन यांना.) हुंग्रियाबाईंच्या संस्थेचं म्हणणं, जुन्या सोयाबीनच्या रानातसुद्धा दरवर्षी नव्यानं जिवाणू लावले तर उत्पन्न सरासरी आठेक टक्क्यांनी वाढतं. आपलं रान वेगळं आहे, त्यांची माती आम्लाची, आपली चुन्याची, आपल्याकडं मे महिन्यात माती तापून भाजून निघते. त्यामुळं तिथलं सगळं जसंच्या तसं इथं होईल असं मी म्हणणार नाही. पण तिकडचा शेतकरी जिवाणूंच्या पाकिटाला बियाण्याइतकं महत्त्व देतो आणि आपण त्याला बियाण्याबरोबर आलेली भेटवस्तू समजतो, हा फरक मला खुपतो.

कारण पाकिटात पावडर दिसत असली तरी त्यात जीव असतो. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात, चव्वेचाळीस अंशांत, खिडकीपाशी ठेवलेलं पाकीट काय कामाचं? लोक म्हणतात "आम्ही रायझोबियम लावून बघितलं, काही फरक नाही." मेलेले जिवाणू लावले तर काय फरक पडणार! शिवाय सोयाबीनचा जिवाणू वेगळा, हरभऱ्याचा वेगळा. दुकानदारानं हरभऱ्याचं पाकीट हातात दिलं तर सोयाबीनला ते चालत नाही. लावायचा क्रमही उलटा होतो. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सगळ्यात शेवटी, पेरणीच्या थोडं आधी, गुळाच्या पाण्यात कालवून जिवाणू. अडीचशे ग्रॅमचं पाकीट दहा किलो बियाण्याला. सावलीत वाळवायचं आणि लगेच पेरायचं. आमच्याकडं उन्हात ताडपत्रीवर पसरतात, कारण घात आलेली असते आणि पेरणीचा ट्रॅक्टर दारात उभा असतो. ती घाई मला समजते. २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ रुपये जाहीर झालेला असताना बाजारात काय मिळतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला पाकिटाच्या तारखा बघत बसायचा उत्साह कुठून येणार? पण म्हणूनच तर खर्चातलं जे कमी करता येतं ते करायचं.

यंदा मी पुतण्याला सांगितलंय की पाकिटं दुकानातून न घेता परभणीच्या कृषी विद्यापीठातून आण, तिथं जिवाणू खतं मिळतात, आणि येताना ओल्या फडक्यात गुंडाळून आण. आणल्यावर सावलीत, माठाशेजारी ठेवायची, ही जबाबदारी थोरल्या वहिनींची. तो म्हणाला, "आत्या, दीडशे किलोमीटर जाऊ का पाकिटासाठी?" मी म्हटलं, परभणीला तुझी सासुरवाडी आहे, नाहीतरी जूनच्या आधी एक चक्कर होतेच. आणि एका पट्ट्यात, निदान आठ तासांत, वरचा युरिया टाकू नकोस, तेवढं राशीला वेगळं ठेव. त्यावर "बघतो" म्हणालाय.

भाचेजावयांना मी दुसरं काम दिलंय. ते सप्टेंबरात गौरीला येतील तेव्हा दोन्ही पट्ट्यांतली झाडं खणून, धुऊन, गाठी मोजायच्या. सोयाबीन दोन महिन्यांचं पुढं गेलेलं असेल, काही गाठी संपलेल्या दिसतील, पण मोजता येतील. बादली आणि खुरपं मी देईन.